मनगटात दबलेली नस आणि स्वयंचलित चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"हाताला मुंग्या येतात म्हणून डॉक्टरांकडे गेलो, मनगटाला पट्ट्या चिकटवल्या, दहा मिनिटांत तपासणी झाली आणि हातात एक कागद पडला. आता याचं काय करू?" नसांच्या तपासण्या करणाऱ्या माझ्यासारख्याला येणारे बहुतेक प्रश्न फिरून फिरून इथेच येतात. तेच इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, अवघड पुढे. एखाद्या उत्तराचा धागा दुसऱ्या प्रश्नात असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. कार्पल टनेल सिंड्रोममध्ये नेमकं काय दबतं?

तळहाताच्या मुळाशी, मनगटापाशी एक अरुंद बोगदा असतो, तोच कार्पल टनेल. त्याचा तळ आणि बाजू हाडांच्या, छत जाड अस्थिबंधाचं. या बोगद्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्या गर्दीत एकच नस, मीडियन नर्व्ह. हाड हलत नाही, अस्थिबंध फारसा ताणत नाही. म्हणून आत जरा सूज आली की दाब नसेवरच येतो. गरोदरपण, मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, वाढलेलं वजन, कंप पावणारी अवजारं सतत हाताळणं, यांपैकी काहीही निमित्त होतं. अनेकदा कारण सापडतच नाही.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अंगठ्याकडचा अर्धा भाग ही या नसेची हद्द. रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, ही खूण इतकी बोलकी आहे की रुग्ण तोंडाने सांगायच्या आधी हाताने करून दाखवतो. तळहाताच्या अंगठ्याकडच्या उंचवट्यावरची त्वचा मात्र सहसा बधिर होत नाही, कारण तिच्याकडे जाणारी फांदी बोगद्याच्या आधीच फुटून बाहेरून जाते.

२. 'स्वयंचलित' चाचणी आणि नेहमीची एनसीव्ही (नर्व्ह कंडक्शन व्हेलॉसिटी, म्हणजे नसेतल्या लहरीचा वेग मोजणं), यात फरक काय?

तत्त्व एकच. नसेला एका जागी विजेचा हलका झटका द्यायचा, दुसऱ्या जागी लहर पकडायची आणि मध्ये गेलेला वेळ मोजायचा. प्राण्याच्या नसेतला वेग हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकावर मोजला होता. कार्पल टनेलच्या रुग्णात मनगटापाशी ही नस मंदावते हे सिम्प्सन या डॉक्टरांनी १९५६ मध्ये दाखवलं. आजचं सगळं त्याच वाटेने चाललं आहे.

फरक आहे तो निर्णय कोण घेतो याचा. नेहमीच्या एनसीव्हीत इलेक्ट्रोड कुठे लावायचे, झटका किती वाढवायचा, लहर कुठे सुरू झाली, आणखी कोणती नस तपासायची, हे सगळं तपासणारा माणूस ठरवतो. स्वयंचलित यंत्रात इलेक्ट्रोड आधीच ठरावीक अंतरावर एका पट्टीत बसवलेले असतात. झटका यंत्रच वाढवतं, लहरीवर खूण तेच करतं आणि नेहमीच्या मर्यादांशी ताडून निकालही तेच छापतं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आलेल्या एनसी-स्टॅट या यंत्राची माहिती तर टेलिफोनच्या तारेवरून कंपनीच्या संगणकाकडे जाई आणि अहवाल तिकडून येई. आता सगळं यंत्रातच होतं.

३. दुखतं का?

झटका जाणवतो, बोटं उडतात, दचकायला होतं. पण प्रत्येक झटका सेकंदाच्या दहा हजारांश भागाएवढाच टिकतो. सुया टोचतात ती ईएमजी, स्नायूतली वीज मोजणारी वेगळी चाचणी. स्वयंचलित यंत्रात सुई नसते.

४. जाण्याआधी काही तयारी लागते का?

उपाशी राहायचं नाही, औषधं बंद करायची नाहीत. हाताला क्रीम किंवा तेल लावू नका, पट्टी नीट चिकटत नाही आणि लहर गढूळ येते. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. आणि हात गरम ठेवून जा. ही शेवटची सूचना किरकोळ वाटते, पण सर्वांत महत्त्वाची तीच. का, ते प्रश्न ७ मध्ये.

५. पेसमेकर आहे / गरोदर आहे / रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. चाचणी चालेल का?

गरोदरपणात चालते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा प्रश्न सुईच्या ईएमजीत येतो, त्वचेवरच्या पट्टीत नाही. शरीरात बसवलेला पेसमेकर असेल तर मनगटाची साधी चाचणी सहसा सुरक्षित असते, पण आधी सांगा. हृदयाला झटका देणारं यंत्र बसवलं असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच करावी. पेसमेकरच्या तारा शरीराबाहेर काढलेल्या असतील, जसं अतिदक्षता विभागात असतं, तर करूच नये.

६. रिपोर्टमधले आकडे कसे वाचायचे?

दोन शब्द पुरतात. 'लेटन्सी' म्हणजे झटका दिल्यापासून लहर पोहोचेपर्यंतचा वेळ, मिलिसेकंदात. 'ॲम्प्लिट्यूड' म्हणजे लहरीची उंची. लेटन्सी वाढली तर नसेवरचं मायलिनचं वेष्टन बिघडलं आहे, म्हणजे तारेवरचं आवरण गेलं. उंची घटली तर आतले तंतूच कमी झाले असावेत, म्हणजे तारच तुटते आहे. पहिलं बरंचसं भरून येतं, दुसऱ्याला फार वेळ लागतो.

ढोबळ मर्यादा अशा: मनगटापासून तर्जनीपर्यंतच्या १४ सेंटीमीटरला संवेदनेची लहर शिखरापर्यंत साधारण ३.५ मिलिसेकंदांच्या आत पोहोचावी. मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंतची लेटन्सी साधारण ४.२ ते ४.४ च्या आत असावी. प्रत्येक प्रयोगशाळेची आणि यंत्राची मर्यादा थोडी निराळी असते, म्हणून आपल्या रिपोर्टवर छापलेलीच धरा.

पण मला जास्त विश्वासाची वाटते ती तुलना. अनामिकेला निसर्गाने दोन नसांत वाटून दिलं आहे: अंगठ्याकडची बाजू मीडियनकडे, करंगळीकडची अल्नरकडे. अल्नर नस बोगद्यातून जात नाही. एकाच बोटावर, एकाच अंतरावर दोन्ही नसांचा वेळ मोजला तर फरक जवळपास शून्य यायला हवा. तो ०.४ ते ०.५ मिलिसेकंदांच्या वर गेला, तर मनगटातच अडथळा आहे असं म्हणायला आधार मिळतो. वय, उंची, बोटांची जाडी, हाताचा गारवा, सगळं दोघींना सारखंच लागू असतं, म्हणून वजाबाकीत गळून जातं. तुमच्या यंत्राने ही तुलना केली आहे का, हे रिपोर्टवर पाहा. फक्त मीडियनचे आकडे असतील तर त्या कागदाचं वजन कमी धरा.

७. सकाळी 'ॲबनॉर्मल' आलं, आठ दिवसांनी दुसरीकडे 'नॉर्मल'. यंत्र खोटं बोलतं का?

बहुधा यंत्राने खरं तेच सांगितलं, पण गार हाताबद्दल. तापमान एक अंश सेल्सिअसने घटलं की लेटन्सी साधारण ०.२ मिलिसेकंदाने वाढते. हात ३२ अंशांवर असायला हवा, तिथे तुमचा २८ वर असेल तर ०.८ ची वाढ फुकटात होते. ३.० ची निरोगी नस ३.८ दाखवते आणि कागदावर शिक्का बसतो. वातानुकूलित खोलीत वीस मिनिटं वाट पाहून आत आलेला माणूस यात हमखास सापडतो.

बरीच यंत्रं तापमान मोजून आकडा सुधारतात, पण तो त्वचेवरचा अंदाज. हात कोमट पाण्यात धरून किंवा शेकून खरोखर गरम करणं केव्हाही चांगलं. तपासणाऱ्याने हाताला स्पर्शही न करता पट्टी लावली, तर "हात गार आहे, गरम करू का?" असं आपणच विचारावं.

८. रिपोर्ट नॉर्मल आहे, पण रात्री झोप येत नाही. मग मी नाटक करतोय का?

नाही. हा प्रश्न अपराधी सुरात विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगतो.

चाचणी जाड, जलद तंतू मोजते. दुखणं वाहणारे बारीक तंतू तिला दिसतच नाहीत. शिवाय सुरुवातीच्या दिवसांत रात्री मनगट दुमडलं की नसेचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता घटतो, मुंग्या येतात, हात झटकला की पूर्ववत होतं. दिवसा अकरा वाजता टेबलावर सरळ ठेवलेल्या हातात यंत्राला सापडणार काय? चांगल्या तऱ्हेने केलेल्या, तुलना असलेल्या चाचणीतही लक्षणं स्पष्ट असलेल्या शंभरातले सुमारे पंधरा जण नॉर्मल येतात. फक्त स्नायूची लेटन्सी मोजली तर निसटणाऱ्यांची संख्या याच्या दुपटीहून जास्त होते. जुन्या, एकच आकडा देणाऱ्या यंत्रांची अडचण नेमकी हीच होती.

लक्षणं ठळक असतील तर नॉर्मल रिपोर्टवरही रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट काही आठवडे वापरून पाहतात. त्याने झोप लागली तर तोही एक पुरावाच.

९. मला काहीच त्रास नाही, पण यंत्र 'कार्पल टनेल' म्हणतं. उपचार घ्यावे का?

त्रास नसेल तर सिंड्रोम नाही. 'सिंड्रोम' म्हणजे लक्षणांचा समूह, आणि यंत्राला लक्षणं कळत नाहीत. त्याला फक्त मंद नस कळते.

दक्षिण स्वीडनमध्ये सर्वसाधारण लोकसंख्येचा एक मोठा अभ्यास झाला, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. हातात दुखणं, मुंग्या किंवा बधिरपणा आहे असं सुमारे १४ टक्के लोकांनी सांगितलं. डॉक्टरांची तपासणी आणि नसेची चाचणी दोन्हींनी शिक्कामोर्तब झालेले मात्र २.७ टक्केच निघाले. आणि ज्यांना काहीच तक्रार नव्हती अशांची नस तपासली, तर त्यांच्यातल्या १८ टक्क्यांची मनगटात मंद सापडली. हे सगळे चालते-बोलते, रात्रभर शांत झोपणारे लोक. त्यांच्या हातावर सुरी चालवण्याचं काही कारण नव्हतं आणि तुमच्याही नाही. नंतर लक्षणं सुरू झाली तर हा जुना कागद तुलनेला उपयोगी पडेल, जपून ठेवा.

१०. आमच्या कंपनीत सगळ्यांच्या हातांची यंत्राने तपासणी होणार आहे. चांगलं की वाईट?

हिशेब करून पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. १,००० कामगार, त्यातल्या ४० जणांना खरोखर कार्पल टनेल आहे. यंत्र शंभर आजाऱ्यांतले ८५ पकडतं आणि शंभर निरोग्यांतल्या १० जणांवर चुकून शिक्का मारतं. ४० पैकी ३४ सापडले, ६ निसटले. उरलेल्या ९६० निरोग्यांतल्या ९६ जणांच्या हातात 'ॲबनॉर्मल' कागद पडला. म्हणजे असे कागद १३०, त्यातले खरे ३४. चौघांतला एक.

आता तेच यंत्र घेऊन दवाखान्यात बसा, जिथे मुंग्यांची तक्रार घेऊन आलेल्या १०० जणांतल्या ६० जणांना आजार आहे. खरे ५१, खोटे ४. यंत्र बदललं नाही, पट्टी बदलली नाही, तरी त्याच्या शब्दाची किंमत चौपटीच्या जवळ गेली, कारण प्रश्न योग्य माणसाला विचारला.

म्हणून माझं मत: सगळ्यांना रांगेत उभं करून यंत्र लावण्यापेक्षा आधी एक पानाची प्रश्नावली आणि हाताचं चित्र द्यावं. मुंग्या कुठे येतात ते कामगाराने त्यावर रंगवावं. चित्र जुळेल त्याचीच नस तपासावी. आणि निव्वळ या कागदावरून कोणाला नोकरी नाकारणं तर मला अजिबात पटत नाही.

११. मधुमेह आहे. यंत्राचा निकाल धरायचा का?

इथे सावध राहायला हवं. मधुमेहात सगळ्याच नसा थोड्याथोड्या मंदावतात. फक्त मीडियन मोजणारं यंत्र या मंदपणाला मनगटाच्या माथी मारतं. उलटही घडतं: "तुमची शुगरच आहे ना, मग मुंग्या त्याच्याच" म्हणून खरा कार्पल टनेल राहून जातो, आणि मधुमेह्यांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो. उपाय प्रश्न ६ मधल्या तुलनेचा, सोबत पायाची एखादी नसही तपासावी. दोन्ही पायांना आधीपासून मुंग्या असतील तर छोट्या यंत्रावर थांबू नका, पूर्ण एनसीव्ही करून घ्या.

१२. मान दुखते आणि हातालाही मुंग्या येतात. यंत्र मान की मनगट हे सांगेल का?

अर्धंच सांगेल. मानेत मज्जारज्जूतून निघणारं नसेचं मूळ दबलं, तर बोटांपर्यंत संवेदनेची लहर बहुधा नॉर्मलच राहते. संवेदनेच्या पेशी त्या दाबाच्या पलीकडे, हाताच्या बाजूला असतात, त्यामुळे त्यांचे बोटांकडचे तंतू शाबूत असतात. म्हणून मनगटाची चाचणी नॉर्मल आली तर मान निर्दोष ठरत नाही. मानेसाठी सुईची ईएमजी किंवा एमआरआय लागतो. दोन्ही एकाच वेळी असणारेही कमी नाहीत.

खूण म्हणून एवढं पाहा: मान वळवल्यावर कळ हातात उतरते की रात्री हात झटकल्यावर थांबते? पहिली मानेकडे बोट दाखवते, दुसरी मनगटाकडे.

१३. मला तर करंगळीलाही मुंग्या येतात. म्हणजे कार्पल टनेल नाहीच?

असं ठाम म्हणता येत नाही. झोपेतून उठलेला माणूस "अख्खा हात बधिर" म्हणतो, नीट लक्ष ठेवायला सांगितलं की बऱ्याचदा करंगळी वगळली जाते. आठवडाभर रात्री जाग आली की एकेक बोट चाचपून पाहा. करंगळी खरोखरच बधिर असेल तर कोपरापाशी अल्नर नस दबल्याची शंका घ्यावी. त्यासाठी कोपराच्या वर आणि खाली दोन्हीकडे झटका द्यावा लागतो, मनगटाच्या पट्टीचं ते काम नाही.

१४. रिपोर्टवर 'नो रिस्पॉन्स' आहे. नस मेली का?

घाबरण्याआधी अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा पाहा. तो दोन्ही हातांत सारखा भरलेला असेल, अंगठा ताकदीने वर उचलता येत असेल, तर दोष बहुधा पट्टीचा: सुकलेला जेल, सरकलेली जागा, सुजलेलं जाड मनगट किंवा अपुरा झटका. पुन्हा, माणसाच्या हाताने चाचणी करून घ्या.

उंचवट्याला खड्डा पडला असेल, बटण लावताना बोटं चुकत असतील, वस्तू हातून निसटत असतील, तर मात्र ते उत्तर खरं असण्याची शक्यता मोठी आहे. मग पुन्हा चाचणीच्या तारखेची वाट न पाहता हाताच्या सर्जनला दाखवा. 'सापडली नाही' आणि 'नाही' यांत यंत्र फरक करू शकत नाही.

१५. मनगटात वेळ जास्त लागतो, पण कोपर ते मनगट वेग ९० मीटर प्रतिसेकंद आलाय. हे कसं?

हा प्रश्न वर्षातून दोन-तीनदाच येतो, पण मला आवडतो. हातात सर्वसाधारण वेग ५० ते ६५ असतो, ९० हा माणसाच्या नसेचा नेहमीचा वेग नाही. बऱ्याच लोकांत, शंभरात पंधरा ते तीस जणांत, मीडियनचे काही तंतू कोपराखाली अल्नर नसेत उडी मारतात. या जोडाला मार्टिन-ग्रूबर म्हणतात. शरीररचनातज्ज्ञ मार्टिनने तो १७६३ मध्ये नोंदवला होता, म्हणजे विजेच्या चाचण्या यायच्या कितीतरी आधी. एरवी तो निरुपद्रवी असतो.

कार्पल टनेल आणि हा जोड एकत्र आले की गंमत होते. कोपरात झटका दिला की काही लहरी अल्नरच्या वाटेने बोगदा टाळून लवकर पोहोचतात. मनगटात दिलेल्या झटक्याला मात्र बोगद्यातूनच रखडत जावं लागतं. दोन वेळांची वजाबाकी फार लहान येते आणि वेग अशक्य वाढतो. लहरीच्या तोंडाशी एक लहानसा उलटा खळगाही दिसतो. डोळ्यांनी आलेख पाहणाऱ्याला तो खळगा म्हणजे कार्पल टनेलचाच आणखी एक पुरावा. फक्त आकडा छापणारं यंत्र तो पाहत नाही. म्हणूनच ज्यात लहरीचं चित्र छापलं जातं तेच यंत्र निवडावं, असं मी डॉक्टरांना सांगतो.

१६. सोनोग्राफी केली तर ही चाचणी टाळता येईल का?

कधी कधी. सोनोग्राफीत नस मनगटाच्या तोंडाशी फुगलेली दिसते. तिचा छेद साधारण १० चौरस मिलिमीटरच्या वर गेला तर संशय बळावतो. दुखत नाही, आणि दुभंगलेली नस, गाठ, सुजलेल्या कंडरा असं कारणही दिसू शकतं, जे विजेच्या चाचणीला कधीच दिसत नाही. पण नस किती निकामी झाली ते चित्र सांगत नाही. एकीने आकार कळतो, दुसरीने काम.

१७. ऑपरेशन ठरलंय. छोट्या यंत्राचा रिपोर्ट पुरेल का?

लक्षणं नमुनेदार, तपासणी जुळणारी, रिपोर्टमध्ये तुलना आणि लहरींची चित्रं असतील तर अनेक सर्जन तेवढ्यावर थांबतात. मधुमेह, मानेचं दुखणं, करंगळीचा सहभाग, आधी झालेलं ऑपरेशन किंवा 'नो रिस्पॉन्स', यांपैकी एक जरी असेल तर पूर्ण एनसीव्ही, गरज पडल्यास ईएमजी, आधी व्हावी.

तीव्रतेची प्रतही समजून घ्या. ब्रिटिश डॉक्टर ब्लँड यांची ० ते ६ ही श्रेणी बरेच जण वापरतात: ० म्हणजे नॉर्मल, ६ म्हणजे स्नायूची लहर जवळपास नाहीशी. ऑपरेशनचे निकाल मधल्या श्रेणींत सर्वांत चांगले येतात. खालच्या टोकाला कधी कधी निदानच चुकलेलं असतं, वरच्या टोकाला उशीर झालेला असतो.

१८. ऑपरेशन होऊन सहा महिने झाले, हात छान आहे, तरी यंत्र 'ॲबनॉर्मल' म्हणतं.

म्हणू द्या. छत कापल्यावर दाब लगेच जातो, रात्रीच्या मुंग्या बहुतेकांच्या काही दिवसांतच थांबतात. मायलिन मात्र नव्याने भरतं तेव्हा पातळच राहतं, त्यामुळे लेटन्सी सुधारते पण पूर्ण नॉर्मल होईलच असं नाही. तुलना करायची ती छापलेल्या मर्यादेशी नव्हे, ऑपरेशनच्या आधीच्या आपल्याच आकड्याशी: आधी ६.२ होती आणि आता ४.८, तर काम झालं. आधीचा रिपोर्टच नसेल तर मात्र हा निकाल कशाशी ताडायचा हा प्रश्न उरतो, म्हणून ऑपरेशनआधीची चाचणी चुकवू नये.

लक्षणं गेलीच नाहीत किंवा जाऊन परत आली, तर गोष्ट निराळी. अस्थिबंध अर्धवट कापला गेला का, निदान मुळात मानेचं होतं का, हे पाहायला पूर्ण चाचणी आणि सोनोग्राफी दोन्ही लागतात. तिथे छोटं यंत्र लावण्यात वेळ घालवू नका.